डोंबिवली ते सीएसएमटी, व्हाया माडगावकर

माझं ऑफिस डोंबिवलीतच, घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर. त्यामुळे एका कंपनीच्या ऑडिटसाठी जानेवारी महिनाभर फोर्टात जायचं ठरलं, तेव्हा घरच्यांनी माझ्याकडे काळ्या पाण्यावर निघालेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. जाऊन-येऊन अडीच तास गाडीत. मोबाइलवर सिरियल बघायची हौस नाही आणि डब्यातल्या भजनी मंडळात बसायला गळा नाही. म्हटलं, वाचू. नियम दोनच केले. पुस्तक मुंबईत घडणारं पाहिजे, आणि वाचायचं ते प्रवासातच, घरी उघडायचं नाही. दुसरं कलम तीनदा मोडलं, हे आधीच कबूल करते.

ही पुस्तकं निवडण्यामागे आणखी एक कारण होतं. ते तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं. पुढे येईलच.

५ जानेवारी, सोमवार

गोविंद नारायण माडगावकरांचं ‘मुंबईचे वर्णन’ घेऊन सव्वाआठच्या सुमाराच्या फास्टमध्ये शिरले. १८६३ सालचं पुस्तक, जाडजूड. लेडीज डब्यात एक हात वरच्या कडीला आणि दुसऱ्या हातात हा ग्रंथ. मागून लोंढा आला आणि ग्रंथ माझ्या हनुवटीखाली उभा चेपला गेला. मुंब्र्याचा डोंगर मागे पडेपर्यंत मी त्याचं मलपृष्ठच वाचत होते, तेही उलटं.

‘कुठे उतरणार?’ हा लेडीज डब्यातला पहिला प्रश्न. नाव-गाव नंतर. घाटकोपरला उतरणाऱ्या एका मुलीची जागा मी ठाण्यातच बोलून ठेवली आणि घाटकोपरला चौथी सीट मिळाली. चौथी सीट म्हणजे तिघींच्या बाकावर अर्धं अंग टेकवायची परवानगी. तेवढ्यावर मस्जिदपर्यंत सात पानं झाली.

१६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी याच मार्गावर उलट्या दिशेने, बोरीबंदरहून ठाण्याला गेली. साहेब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, चौदा डबे, चारशेच्या आसपास पाहुणे. सवयीप्रमाणे भागाकार केला. डब्याला साधारण एकोणतीस माणसं. माझ्या एका पायावर उभ्या असलेल्या बाईकडे बघितलं आणि पुस्तक मिटलं.

७ जानेवारी, बुधवार

माडगावकर मला आवडले आणि वैतागही आला.

आवडले, कारण माणूस मोजतो. देवळं, तलाव, बंदरं, बाजार, कोण कुठला, कोण काय विकतो. शहराकडे बघून उसासे टाकणारे लेखक खूप आहेत. त्याची यादी करायला बसणारा विरळा. आम्ही स्टॉक मोजायला गोदामात जातो तेव्हा आधी दारात उभं राहून एकदा सगळीकडे नजर फिरवतो आणि मग कोपऱ्यातून सुरुवात करतो. यांनी मुंबईचं तसंच फिजिकल व्हेरिफिकेशन केलंय. वैताग आला तो इंग्रज सरकारच्या कौतुकाचा. सरकारने हे केलं, सरकारने ते केलं. काही पानांवर तर मी पेन्सिलीने मनातल्या मनात ‘व्हाउचर?’ असं लिहीत होते.

पण काळ बघा. अमेरिकेत यादवी चालू, तिकडचा कापूस बंद, म्हणून इथल्या कापसाला सोन्याचा भाव आलेला. गव्हर्नर फ्रियर यांच्या कारकिर्दीत किल्ल्याचा तट पाडणं सुरू झालेलं. गिरण्या बोटांवर मोजण्याइतक्या. शहर पैशाने फुगलेलं असताना हे पुस्तक आलं. दोन वर्षांनी, १८६५ मध्ये, अमेरिकेतली लढाई संपली, फुगा फुटला आणि कंपन्या धडाधड बुडाल्या. माडगावकरही त्याच वर्षी गेले. म्हणजे तेजीचा ताळेबंद लिहून ठेवला, मंदीचा राहिला.

जेवणाच्या सुटीत फोर्टात फोर्ट शोधला. नाव सोडून काही नाही. सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात भिंतीचा एक तुकडा तेवढा उरलाय, हे नंतर कळलं.

९ जानेवारी, शुक्रवार

माडगावकर अर्ध्यावर सोडले. बॅगेत डबा, पाण्याची बाटली, लॅपटॉप आणि हे, खांदा धरला. दोषी वाटत नाही. असली पुस्तकं शिधापत्रिकेसारखी घरात असावीत, लागेल तेव्हा काढावीत.

१० जानेवारी, शनिवार

दुसरा शनिवार, तरी काम होतं. संध्याकाळी हुतात्मा चौकात फुटपाथवरच्या पुस्तकवाल्यांकडे घुटमळले. स्पर्धा परीक्षांच्या गाइडांचे थर, खाली कुठेतरी एखादं मराठी पुस्तक. तिथे नारायण सुर्व्यांचं ‘माझे विद्यापीठ’ मिळालं. साठ सांगितले, चाळीस दिले. आत निळ्या शाईत ‘शुभविवाहानिमित्त’ एवढंच लिहिलेलं. लग्नात सुर्वे देणारा माणूस कोण असेल! आमच्या लग्नात लेमन सेटच अकरा आले होते.

१२ जानेवारी, सोमवार

दया पवारांचं ‘बलुतं’, १९७८ चं. कॉलेजात वाचलं होतं, म्हणजे परीक्षेपुरतं. तेव्हा नोट्समध्ये ‘दलित आत्मकथनाचा प्रारंभ’ असं वाक्य होतं आणि तेवढ्यावर मार्क मिळाले होते. आता वाचताना पहिली गोष्ट जाणवली ती त्याची युक्ती. शिकला-सवरलेला, लेखक म्हणून नाव झालेला दया पवार, आणि आत दडलेला दगडू मारुती पवार. हे दोघे एकमेकांशी बोलतात. एक सांगतो, दुसरा ऐकतो. एकाच माणसाची दोन खाती, आणि दोन्हींचा मेळ बसत नाही.

कावाखान्याची पानं चालू होती. नागपाड्याच्या त्या वस्तीत एकेका खोलीत दोन-तीन बिऱ्हाडं. बायका रस्त्यावरून चिंध्या, कागद, काचा, लोखंडाचे तुकडे गोळा करून आणतात, वेगवेगळे करतात, विकतात. विक्रोळी गेलं तशी मी पान उलटायला बोट लावलं, तर डावीकडून आवाज आला.

‘उलटू नका हां. माझं व्हायचंय.’

पंचावन्न-छप्पन्नच्या बाई. मांडीवर मेथीची जुडी, निवडलेली पानं पिशवीत, देठं मांडीवरच्या कागदावर, आणि डोळे माझ्या पुस्तकात. हात आपोआप चालत होते. मी थांबले. त्यांचं झाल्यावर त्यांनी मेथीच्या देठाने खूण केली, उलटा म्हणून. भायखळ्यापर्यंत आम्ही अशी नऊ पानं वाचली. त्या भायखळ्याला उतरल्या. तिथल्या एका हॉस्पिटलात वॉर्डात काम करतात, एवढं जाता जाता सांगितलं.

१३ जानेवारी, मंगळवार

ताईंनी माझ्यासाठी खिडकीशेजारची जागा धरून ठेवली होती. माझ्यासाठी म्हणजे पुस्तकासाठी. ‘काल त्या आईचं काय चाललेलं, तिथून,’ असं म्हणून त्यांनी चष्मा लावला.

आणि मुलुंड गेल्यावर घोटाळा झाला. पान ९६, पुढे एकदम ११३. मधला सोळा पानांचा अख्खा फर्माच नाही. ग्रंथालयाची प्रत, बाइंडिंग करून आणलेली. बाइंडिंगवाल्याने फर्मा गाळला की आधीच गेला होता, देव जाणे. संध्याकाळी ग्रंथालयात तक्रार केली, तर काउंटरवरच्या गृहस्थांनी शांतपणे विचारलं, ‘पुस्तक तुमच्याकडे असताना गेली का पानं?’ मी ऑडिटर. हा प्रश्न मी लोकांना विचारते.

‘मधलं काय झालं असेल हो?’ ताईंनी दोनदा विचारलं. मला आठवत नव्हतं.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. एक पान वाचलं नाही. ठाण्यापासून डब्यात हळदीकुंकू. हलव्याचे दागिने घातलेली एक नवी नवरी दोन सीटच्या मधे उभी, तिचे फोटो, तिळगूळ आणि वाणाला प्लॅस्टिकची चाळणी. ताईंनी मला घरच्या गुळाच्या वड्या दिल्या. त्यांनी आता ‘मॅडम’ सोडून ‘गो बाय’वर यायला सुरुवात केलीय. माहेर मालवणकडचं, लहानपण काळाचौकीला, वडील गिरणीत.

‘कुठल्या खात्यात?’ मी विचारलं.

‘साच्यावर,’ म्हणजे मागावर, त्या म्हणाल्या. ‘तुला काय माहीत खाती-बिती?’

मी म्हटलं, आमची आजी लालबागला खानावळ चालवायची.

हेच ते कारण. म्हटलं होतं, येईल. गिरणगावावर इतकं लिहिलं गेलंय. कविता, नाटकं, कथा, लावण्या. त्यात भोंगा आहे, साचा आहे, संप आहे, लाल बावटा आहे, टीबी आहे. त्या सगळ्यांना दोन वेळा जेवायला कोण घालत होतं, त्याची नोंद कुठे दिसते का, एवढंच बघायचं होतं.

१७ जानेवारी, शनिवार

‘बलुतं’ काल संपलं, सोळा पानं वजा. अर्धा दिवस काम होतं, परतताना भायखळ्याला उतरले. नागपाड्याकडे चालत गेले. कावाखाना असा काही दाखवता येत नाही. गॅरेजं, जुन्या इमारती, त्यांच्या मागून वर आलेले टॉवर. एका गल्लीच्या तोंडाशी दोन बायका पुठ्ठे उकलून, पाणी मारून, गठ्ठे बांधत होत्या. पांढरा कागद वेगळा, रंगीत वेगळा. तिथे किती वेळ उभं राहावं हे मला कळेना. त्यातल्या एकीने ‘काय पाहिजे?’ विचारलं आणि मी निघाले.

जाता जाता राणीच्या बागेत शिरले. घोड्यावर बसलेल्या सातव्या एडवर्डचा काळा पुतळा तिथे आहे. काळा घोडा हे ज्याच्यावरून नाव पडलं तो घोडा हाच. १९६५ मध्ये फोर्टातून उचलून इथे आणला. एक लहान मुलगा आईला विचारत होता, हा शिवाजी महाराज का? आई म्हणाली, नाही, दुसरे कोणीतरी.

१८ जानेवारी, रविवार

आज मुद्दाम लालबाग. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे असा घेतलाच गेला नाही. मी तेव्हा तीन वर्षांची. तारीख आठवायचं कारण नाही, पण आमच्या घरात ती श्राद्धाच्या तिथीसारखी काढली जाते.

मेगाब्लॉक होताच. स्लो गाडीने करी रोडला पोहोचायला दीड तास लागला, तेवढ्यात सुर्वे वाचले. १९६६ चा संग्रह. रस्त्यावर सापडलेलं मूल, गंगाराम सुर्वे आणि काशीबाई या गिरणीत काम करणाऱ्या जोडप्याने उचलून वाढवलं. पुढे महापालिकेच्या शाळेत शिपाई, मग शिक्षक. त्यांच्या कवितेतला ‘मी’ मोठ्याने बोलतो, छाती काढून. पूर्वी तो मला सभेतला वाटायचा. आज, करी रोडचा जिना उतरताना, दोन्ही बाजूंनी धक्के खात, वाटलं की इथे हळू बोललेलं ऐकू तरी कुणाला जाणार.

लालबागला मसाला गल्ली अजून आहे. मिरच्या भाजल्याचा ठसका रस्त्यापर्यंत येतो. चिवड्याची दुकानं आहेत. भारतमाता थिएटर आहे. आजीची चाळ नाही. तिथे पोडियम पार्किंग आहे आणि त्याच्यावर तेहतीस की चौतीस मजले. मोजताना मान अवघडली.

आजी पाटणकडची. नवरा गिरणीत, छातीच्या दुखण्याने लवकर गेला. तळमजल्यावरची दहा बाय बाराची खोली, पोटमाळा, दोन स्टोव्ह आणि बावीस मेंबर. खानावळीत जेवणाऱ्याला गिऱ्हाईक नाही, मेंबर म्हणायचे. तीन पाळ्या, म्हणून जेवणाच्याही तीन पंगती. घाटावरच्यांना भाकरी लागायची, कोकणातल्यांना भात आणि बोंबलाचं कालवण. म्हणून दोन टोप वेगळे. आजी स्वतः माळकरी. बोंबील करायला शेजारणीकडून शिकली आणि चव न बघता करायची. मीठ कधी चुकलं नाही म्हणतात.

तिला लिहिता येत नव्हतं. हिशेब भिंतीवर. चुन्याच्या भिंतीवर कोळशाने एकेका मेंबराचं चित्र. एकाची छत्री, कारण तो उन्हाळ्यातही छत्री घेऊन फिरे. एकाचा कंगवा. एक मासा. एक गांधी टोपी. जास्तीचं मीठ मागणाऱ्याच्या नावाने पाच ठिपके. एकाचा नुसता गोल. तो जेवताना एक अक्षर बोलायचा नाही, म्हणून दुसरं काय काढावं तिला सुचलं नाही. चित्राखाली रेघा, आठवड्याला एक. पगार झाला, पैसे आले, की ओल्या फडक्याने रेघा पुसायच्या; चित्र ठेवायचं.

संप झाला तेव्हा फडकं बंद पडलं. तिने चार महिने जेवू घातलं, वाण्याकडे उधारी करून, मग पाटल्या ठेवून. मेंबर एकेक करून गावाला गेले. ‘मावशी, चालू झालं की येतो.’ छत्रीखाली सतरा रेघा होत्या, माश्याखाली चौदा, गोलाखाली एकवीस. मला हे आकडे पाठ आहेत, कारण मी पाच वर्षांची असताना आजीच्या मांडीवर बसून मोजायला शिकले ते त्या रेघांवर. दर दिवाळीला खोलीला चुना लागायचा, तो तेवढा तुकडा सोडून. बुडीत रक्कम एक दिवस खात्यातून काढून टाकायची, राइट ऑफ करायची, हे काम मी रोज करते. माझी सही लागते त्याला. आजीने ते शेवटपर्यंत केलं नाही. खोली विकली तेव्हा घेणाऱ्याने ऑइल पेंट मारला.

वडापाव खाल्ला, परत फिरले. परतीला सुर्वे उघडले नाहीत.

२० ते २३ जानेवारी

या चार दिवसांत जयंत पवारांचं ‘अधांतर’. ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ या त्यांच्या कथासंग्रहाला २०१२ चा साहित्य अकादमी मिळाला. पण ते पुस्तक आमच्या ग्रंथालयातून बाहेर गेलेलं, ‘अधांतर’ जागेवर होतं. १९९७ चं नाटक. गिरणगावातलं एक घर, मिळवता बाप नाही, गिरण्यांचा गळा आवळला गेलेला, आणि आई व तिची मुलं त्या एका खोलीत एकमेकांवर आदळत राहतात.

नाटक दोघींनी एका पुस्तकातून मनात वाचायचं जमेना. मी एका पात्रापाशी, ताई दुसऱ्यापाशी. मंगळवारी त्याच म्हणाल्या, ‘तू पोरांचा वाच, मी आवशीचा वाचतंय.’ आणि त्यांनी वाचलं. आधी दबक्या आवाजात, शाळेत धडा वाचतात तसं. मग भांडुप-विक्रोळीच्या दरम्यान कधीतरी आवाज बसका झाला, वाक्यं मालवणीकडे झुकली आणि पुस्तकात जिथे पूर्णविराम होता तिथे त्या थांबेनाशा झाल्या. समोरच्या सीटवरची कॉलेजची मुलगी कानातली इअरफोनची बोंडं काढून ऐकायला लागली. बुधवारी तिने विचारलं, ‘काकू, काल त्या धाकट्याचं काय झालं?’ शुक्रवारपर्यंत आमच्या बाकाभोवती पाचजणी. एक पिनावाली घाटकोपरला उतरायची ती कुर्ल्यापर्यंत आली.

नाटकाबद्दल माझं मत विचाराल तर, मुलगे ओळखीचे वाटले; असे प्रत्येक चाळीत होते. आई मात्र अशी बाकी कुठे वाचली नव्हती. ती स्वयंपाकघराच्या बाहेर फारशी येत नाही आणि तरी सगळं नाटक तिच्या स्टोव्हभोवती फिरतं. जयंत पवार २०२१ मध्ये गेले. मी नाटक रंगमंचावर बघितलेलं नाही. आता बघायचं तर ताईंचा आवाज आधी कानातून काढावा लागेल.

२४ जानेवारी, शनिवार

सुटी. दादर. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, १८९८ ची संस्था. कामं दोन. एक, ‘बलुतं’ची ९७ ते ११२ ही पानं. ती उभ्याने वाचली आणि मुद्दे डायरीत उतरवून घेतले. सोमवारी सुटी, म्हणजे ताईंना मंगळवारी सांगता येईल. दुसरं, काउंटरवर विचारलं, खानावळींवर काही आहे का?

‘पाककृती?’

‘नाही. खानावळवाल्यांवर.’

त्यांनी थोडा विचार करून मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांना बोलतं करून केलेल्या पुस्तकाचं नाव सांगितलं. मूळ इंग्रजी, २००४ चं. शंभर वर्षं आणि शंभर आवाज. खानावळी आहेत त्यात, पण माझ्या हावरटपणाला पुरतील एवढ्या नाहीत. प्रेमा पुरवांचं अन्नपूर्णा महिला मंडळ मात्र मला नव्याने समजलं. १९७५ मध्ये त्यांनी या खानावळवाल्या बायकांना एकत्र केलं आणि सावकार-वाण्यांच्या व्याजातून सोडवायला बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आजी त्यात नव्हती. तिला कुणी सांगितलं नसेल, किंवा सांगूनही ती गेली नसेल. सही करायची लाज वाटायची तिला.

परतताना हिंदू कॉलनीत राजगृहावरून गेले. परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्यांत पुस्तकं मावेनात, तेव्हा बाबासाहेबांनी पुस्तकांचा विचार करून हे घर बांधलं. आमच्या घरी पुस्तकांचं कपाट घ्यायचं चार वर्षं चाललंय.

२७ जानेवारी, मंगळवार

सोळा पानं ठाण्यापासून सांगायला घेतली, भायखळा आलं तरी संपेनात. ताई फलाटावर उतरून खिडकीशी उभ्या राहिल्या. ‘पटापट सांग.’ गाडी सुटली.

२८ जानेवारी, बुधवार

ऑफिसात सीए होण्यासाठी आर्टिकलशिप करणारा एक मुलगा आहे, कानात बाळी, टॅली झोपेतही चालवेल असा. मी काय वाचते हे बघून त्याने बॅगेतून अरुण कोलटकरांच्या ‘काळा घोडा पोएम्स’ काढून दिल्या. इंग्रजी. माझं इंग्रजी पत्रव्यवहाराचं. कविता म्हटल्यावर हातपाय गार. पण काळा घोडा ऑफिसपासून सात मिनिटांवर, आणि हे पुस्तक गाडीत नाही, जागेवरच वाचायला पाहिजे असं त्याचं म्हणणं. दुपारी डबा घेऊन गेले.

कोलटकर त्या चौकातल्या वेसाइड इनमध्ये बसायचे, वर्षानुवर्षं, खिडकीतून बघत. ते हॉटेल आता बंद झालंय. पुस्तक २००४ मध्ये आलं, त्याच वर्षी ते गेले. चौकात २०१७ पासून नवा काळा घोडा उभा आहे, त्याच्या पाठीवर कोणी नाही. भायखळ्याच्या राजाचा घोडा आठवला. महोत्सवाची तयारी चालू होती, बांबू आणि कापडाच्या घड्या फुटपाथभर. डेव्हिड ससून ग्रंथालयाच्या पायरीशी जागा करून बसले.

यात काय असेल असं मला वाटलं होतं? संग्रहालयं, कमानी, साहेबांचे पुतळे. आणि आहे काय, तर फुटपाथ. कुत्रा, झाडूवाल्या, कचरा, केसातल्या उवा काढणारी बाई. नाश्त्यावर एक लांबच लांब कविता आहे. कळायला मला दोन दुपारी लागल्या, मोबाइलवर शब्द बघत. तिच्यात सकाळी एक बाई ॲल्युमिनिअमचा मोठा डबा घेऊन चौकात येते. इडल्या. आणि चौकातली सगळी पडेल माणसं, ज्यांचं कोणी नाही ती, जिथे असतील तिथून उठून, तिच्याकडे यायला लागतात.

मी डबा खायचा विसरले. महिनाभर मराठी पुस्तकांत शोधत होते, आणि खाऊ घालणारी बाई भेटली ती मराठी कवीच्या इंग्रजी पुस्तकात, गिरणगावापासून पाच-सहा किलोमीटरवर. माझी आजी नव्हे. इडली आजीने आयुष्यात केली नाही. पण त्या माणसाने खिडकीतून बघून डब्याचं झाकण उघडताना येणारी वाफ टिपून ठेवलीय, घाई न करता, जणू दुसरं काही कामच नाही. आजीच्या खोलीसमोर अशी एखादी खिडकी नव्हती. समोर सार्वजनिक नळ होता.

३० जानेवारी, शुक्रवार

ऑडिट संपलं. शेवटचा दिवस. ताईंना सांगितलं, उद्यापासून मी नाही. त्यांनी मान हलवली, मेथी चालू ठेवली. कॉलेजची मुलगी म्हणाली, मग पुढचं कोण वाचणार? मी तिला ग्रंथालयाचा पत्ता दिला आणि सोळा पानांबद्दल सावध केलं.

कुर्ला गेल्यावर ताईंना भिंतीबद्दल सांगितलं. छत्री, कंगवा, मासा, गोल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मासावालो मालवणी असतलो. किती रेघा म्हणालीस?’

‘चौदा.’

‘आमचे बाबा काळाचौकीलाच जेवायचे, आई मुंबईत यायच्या आधी. खानावळ कोणाची ते माहीत नाही. पण संपात आम्ही सगळे गावाला गेलो होतो ना. त्यांची पण कुठेतरी राहिली असणार.’

भायखळा आलं. दारात गर्दी झाली. ताई उठल्या, दोन पावलं गेल्या, परत वळल्या, पिशवीतून स्टीलचा डबा काढून माझ्या मांडीवर ठेवला. ‘घावणे आहेत. खा.’ आणि उतरल्या.

मस्जिदपर्यंत डबा गरम लागत होता. आत सहा घावणे, नारळाची चटणी, एका कोपऱ्यात गुळाचा खडा. झाकणावर त्यांचं नाव टाचणीने कोरलेलं, अर्धं पुसट. फोन नंबर घ्यायचा राहिला होता. वॉर्ड कुठला तेही विचारलं नव्हतं.

सीएसएमटीला गाडी रिकामी झाली तरी बसून राहिले. सुर्व्यांच्या पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने एक डबा काढला, झाकणासकट. खाली एक रेघ ओढली.